अकरा नंबरचा डबा

सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि मी, सरकारची शाखा अभियंता, मांडवघाटच्या पुलाच्या तोंडाशी बेशरमाच्या झुडपामागे उकिडवी बसले होते. पायांना मुंग्या आल्या होत्या, सलवारीला कुसळं चिकटली होती. रस्त्यावरून जाणारी एक बाई मान वळवून वळवून माझ्याकडे बघत होती. तिला काय वाटायचं ते वाटो. मला एका माणसाला रंगेहाथ पकडायचं होतं.

दहा वाजून नऊ मिनिटांनी तो आला. लहानू नेवारे, आमचा मैलकुली. मैलकुली म्हणजे ठरवून दिलेला रस्ता सांभाळणारा सरकारी कामगार. फाट्यापासून हा वैनगंगेवरचा पूल संपेपर्यंत त्याची हद्द. साठीला आलेला, काटकुळा, खांद्यावर दुपट्टा, आणि हातात लांब दांड्याची हातोडी. रस्त्याच्या खाली, पूल तोलणाऱ्या गर्डरला लगटून एक लोखंडी पायवाट आहे, तिच्यावर तो उतरला. पहिल्या गर्डरवर एक ठोका दिला आणि कान लावून उभा राहिला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. मी झुडपातून उठले आणि चपला हातात घेऊन त्याच्या मागे निघाले.

त्या पुलाला अठरा डबे लावलेले होते. जेवणाच्या डब्याएवढे, करड्या रंगाचे. आत थरथर मोजणारं यंत्र आणि एक हुशार प्रोग्राम. कंपनीवाले त्या प्रोग्रामला ‘एजंट’ म्हणत. आमच्याकडे एजंट म्हटलं की विम्याचाच आठवतो, त्यामुळे ऑफिसात त्यावरून बरीच चेष्टा होई. पण कामाला ते खरेच हुशार होते. प्रत्येक एजंट आपल्या वाट्याच्या लोखंडाकडे कान देऊन बसायचा. बसवल्यानंतर पहिला महिनाभर त्याने पुलाची रोजची थरथर शिकून घेतलेली. पुढे तीत काही बदल जाणवला की तो आधी शेजारच्या डब्यांना विचारायचा आणि मग माझ्या मोबाईलवर कळवायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे शंका, लाल म्हणजे पूल बंद करा.

लहानू अकराव्या डब्याशी पोचला. ठोका दिला. कान लावला. पुन्हा ठोका दिला. माझ्या हातातला मोबाईल थरथरला. दहा वाजून वीस मिनिटं. डबा क्रमांक अकरा, पिवळा.

‘‘काय चाललंय हे?’’ मी ओरडले.

तो दचकला नाही, हेच मला पहिल्यांदा खटकलं. चोरी पकडली गेली की माणूस दचकतो. माझे बाबा एसटीत तिकीट तपासनीस होते. बिनतिकीट माणूस ते चेहऱ्यावरून ओळखत. संशय घ्यायचं शिक्षण मला घरीच मिळालेलं आहे.

‘‘हजेरी लावून राह्यलो जी,’’ तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. ‘‘माझी थट्टा करताय?’’

‘‘नाई जी. थट्टा काहून करीन? रोजच लावतो. बावीस वर्स झाले ठोकून राह्यलो.’’

‘‘बावीस वर्षांपूर्वी डबे होते का इथे?’’

तो गोंधळला. मग हातोडीच्या दांड्याने गर्डर दाखवत म्हणाला, ‘‘मॅडम, ह्या अकराव्याचा आवाज बसला हाये. दोन मयने झाले.’’

‘‘बसला, की तुम्ही बसवलात?’’

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि काही बोलला नाही. ते गप्प बसणं मी कबुलीजबाब म्हणून मनात नोंदवून ठेवलं.

आता माझी बाजूही सांगते, नाहीतर मी उगाच दुष्ट वाटेन. त्या पुलावर दीड वर्षापासून बसला आणि ट्रकला बंदी होती. पलीकडच्या सात गावांची माणसं अलीकडे बसमधून उतरायची आणि ऑटोने किंवा पायी पूल ओलांडायची. आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षेची पोरं, सगळी तशीच. सलग तीस दिवस सगळे डबे हिरवे राहिले की मी पूल धड असल्याच्या दाखल्यावर सही करायची आणि बंदी उठायची, असं ठरलेलं. मी दिवाळीनंतर तिथे रुजू झाले, ती माझी पहिलीच नेमणूक. नोव्हेंबरात सगळं सुरळीत होतं. मोजणी एक डिसेंबरला सुरू झाली, चोवीस दिवस हिरवे गेले आणि पंचविसाव्या सकाळी दहा वीसला अकरा नंबर पिवळा झाला. मोजणी पुन्हा शून्यावर. त्यानंतर रोज, रविवार सोडला तर रोज, बरोबर त्याच वेळेला तो पिवळा व्हायचा. शेजारचे दहा आणि बारा म्हणायचे, आम्हाला काही जाणवत नाही.

कंपनीचा हर्षल पितळे पुण्याहून फोनवर म्हणाला होता, ‘‘मॅडम, पूल घड्याळ बघून दुखत नाही. हा माणसाचा आघात आहे. कोणीतरी डब्यापाशी ठोकतंय.’’

आणि आमचे उपअभियंता बोरकुटे साहेब हसत हसत म्हणाले होते, ‘‘तुमाला माहीत नाही वाटतं? पुलावर जे ऑटो चालतात ना, त्यात सगळ्यात जास्त फेऱ्या रोशन नेवारेच्या. लहानूचा सख्खा पुतण्या. बस सुरू झाली की त्याचा धंदा बसला.’’

झालं. कुठे पाणी मुरतंय ते मला कळलं. म्हणून मी झुडपात बसले होते.

त्याच दुपारी मी अहवाल लिहिला. ‘सदर कर्मचारी शासकीय यंत्रणेजवळ हेतुपुरस्सर हातोडीने आघात करताना आढळून आला.’ हेतुपुरस्सर हा शब्द मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा लिहिला. पुढच्या आठवड्यात लहानूची बदली तीस किलोमीटरवरच्या रोपवाटिकेत झाली, रस्त्याकडेच्या झाडांची रोपं सांभाळायला.

जायच्या दिवशी तो ऑफिसात आला. हातोडी सरकारी होती, ती त्याने माझ्या टेबलावर ठेवली. दांडा हातात धरून धरून काळा गुळगुळीत झाला होता.

‘‘येतो जी मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘अकराव्याकडं ध्यान ठेवजा.’’

तो गेल्यावर मी बराच वेळ विचार करत बसले. ध्यान ठेवजा म्हणजे काय? ही धमकी तर नव्हे? जाता जाता काही करून गेला असेल का? मी त्याच संध्याकाळी पुलावर जाऊन अकराव्या डब्याचे चारही स्क्रू तपासून आले. सगळं जागच्या जागी होतं. तरी शंकेची पाल चुकचुकत राहिलीच.

दुसऱ्या दिवशीपासून दहा वीसचा पिवळा बंद झाला. मी पितळेला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, बघा, मी म्हटलं नव्हतं? बोरकुटे साहेबांनी चहा मागवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र विटांनी भरलेला एक ट्रॅक्टर बंदी मोडून पुलावर गेला आणि अकरा नंबर पुन्हा पिवळा झाला.

‘‘आता काय?’’ मी पितळेला विचारलं. ‘‘आता तर माणूसही नाही तिथे.’’

‘‘इतके दिवस कानाशी ठोकलंय ना, त्याने डबाच बिघडला असणार. बाकी सतरा ठणठणीत आहेत. हा एकटाच ओरडतोय. मी त्याला तात्पुरता गप्प करून ठेवू का? तीस दिवसांच्या मोजणीत धरायचा नाही. सावकाश बदलून टाकू.’’

‘‘करा,’’ मी म्हणाले. एवढा एकच शब्द. फोन ठेवून मी डबा उघडला आणि पोळीभाजी खाल्ली.

मग हिरवे दिवस सुरू झाले. मी कॅलेंडरवर रोज खूण करत होते. पंधरा झाले, वीस झाले, सत्तावीस झाले. पलीकडच्या गावांना बातमी लागली होती. एका सरपंचाने तर पहिल्या बसच्या ड्रायव्हरसाठी फेटासुद्धा आणून ठेवला होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी पितळे स्वतः आला. आला तो गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल घेऊनच. नीटनेटका मुलगा, बोलायला गोड. एकेक पान उलटून मला समजावून सांगू लागला.

‘‘आणि हे बघा, आपला शिकण्याचा महिना. ऑगस्ट-सप्टेंबर. पुलाची निरोगी थरथर. किती सुंदर आलीय.’’

आडवी लांबलचक रेघ होती, नदीच्या पाण्यासारखी बारीक हलणारी. आणि तिच्यातून ठरावीक अंतराने सुईसारखी उभी टोकं वर आलेली.

‘‘ही टोकं कसली?’’

‘‘रोज सकाळची आहेत. दहा दहाला पहिला डबा, मग दुसरा, असं ओळीने. बस वगैरे जात असेल.’’

‘‘बसला तेव्हाही बंदी होती.’’

‘‘मग दुसरं काही. एजंटांना कारण लागत नाही मॅडम, फक्त रोज सारखं पाहिजे. रोज येतं म्हणजे ते पुलाचंच, असं ते शिकतात.’’

मी कागद जवळ ओढला. सहा टोकं, मग एक जागा रिकामी. पुन्हा सहा, पुन्हा रिकामी. भिंतीवरचं कॅलेंडर मी मागे उलटत नेलं. रिकाम्या जागा रविवारच्या होत्या. आणि एका ठिकाणी लागोपाठ दोन दिवस रिकामे. मी बोट ठेवून पाहिलं. पोळा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा.

वाऱ्याला रविवार नसतो. नदी काही पोळ्याची सुटी घेत नाही.

‘‘पितळे,’’ मी म्हणाले, ‘‘हातोडी पहिल्या दिवसापासून होती. सगळे डबे तिच्यासकट शिकलेत. अकरा नंबरसुद्धा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, रोज तोच ठोका ऐकून तो हिरवा राहिला. मग डिसेंबरात त्याला एकदम काय झालं?’’

पितळेने कागद हातात घेतला, पुन्हा टेबलावर ठेवला. ‘‘ठोका तोच असेल,’’ तो सावकाश म्हणाला, ‘‘तर... लोखंड बदललं असेल.’’

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. मी स्वतःशी भांडत होते. एकदा वाटायचं, आपण एका म्हाताऱ्यावर घोर अन्याय केला. लगेच वाटायचं, कशावरून? हातोडी पहिल्यापासून असेल, पण डिसेंबरात त्याने मुद्दाम जोरात मारायला सुरुवात केली नसेल कशावरून? पुतण्याचा ऑटो काही खोटा नव्हता. बाबा असते तर म्हणाले असते, आधी तिकीट बघ.

सकाळी जीप घेऊन मी रोपवाटिकेत गेले. लहानू कडुनिंबाच्या रोपांना झारीने पाणी घालत होता. मला बघून त्याने झारी खाली ठेवली आणि हात जोडले.

‘‘लहानूभाऊ, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, हजेरी लावतोय. म्हणजे काय?’’

तो ओशाळला. ‘‘मले तसंच वाटे जी. आपल्या हापिसात ते अंगठ्याचं मशीन बसवलं, त्याच वर्सी पुलाले डब्बे लागले. डब्बे लावनारे पोट्टे म्हनाले, हा डब्बा समदं आयकते बरं काका, पुन्याले समजते. म्या म्हनलं, आता मैलकुलीची हजेरी पुलावरच घेतात वाट्टे. मंग मी एकेका डब्ब्यापाशीच ठोको. वेळही चुकवो नाई. पयले मी कवाही जाऊन ठोको, मनात येईन तवा.’’

‘‘पण ठोकायचंच कशाला? तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’’

‘‘कोनी नाई सांगतलं. आमी ढिवर लोकं जी. मासोळीच्या धंद्यातले. सकाळी डोंगा पान्यात घालाच्या पयले त्याले ठोकून पाहाव लागते. कोठी सडला असन, कोठी भेग असन, तं आवाजात समजते. बाप माहा ठोके. रस्त्यावर नोकरी लागली, पूल वाट्याले आला, तं मी पुलाले ठोको. येवढंच.’’

मी विश्वास ठेवला का? खरं सांगायचं तर अर्धाच. ‘‘चला,’’ मी म्हणाले, ‘‘माझ्यासमोर ठोकून दाखवा.’’

हातोडी मी बरोबर आणलीच होती. त्याने ती हातात घेऊन दांड्यावरून एकदा तळवा फिरवला.

पुलावर पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. तो म्हणाला, थांबू जी, वेळ होऊ द्या. आम्ही थांबलो. दहा दहाला तो पायवाटेवर उतरला आणि मी मोबाईल हातात धरून मागे. पहिला, दुसरा, तिसरा. ठोका मोजका, मनगटातून. जोर मुळीच नाही, माझ्या आईने नारळ फोडताना दिला असता त्याच्याहून कमी. प्रत्येक ठोक्यानंतर लोखंड लांबवर वाजत राही. मोबाईल हिरवा. दहावाही हिरवा.

अकराव्याशी त्याने ठोका दिला.

मोबाईल हिरवाच राहिला.

मी पुन्हा पाहिलं. हिरवा. म्हणजे काहीच बदललेलं नव्हतं! म्हणजे हा माणूस मला दुसऱ्यांदा बनवत होता, आणि मी शहाणी, जीपमध्ये बसवून त्याला वाजतगाजत घेऊन आले होते. रागाने माझे कान तापले.

‘‘काही नाही इथे,’’ मी म्हणाले. ‘‘पुरे झालं नाटक.’’

‘‘मोबाईल नोका पाहू जी,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘कान लावा.’’

का कोण जाणे, मी वाकले आणि गर्डरला कान लावला. त्याने आधी मागे जाऊन दहाव्याला ठोका दिला. लोखंड घुमलं आणि घुमतच राहिलं. मग अकराव्याला. थप्. एवढंच. बाजारात मडकं घेताना आपण बोटाने वाजवतो आणि फुटकं निघालं की बाजूला ठेवतो, तसा आवाज.

मी कान लावून तशीच राहिले. माझ्या कानाला जे कळतंय ते या यंत्राला का कळू नये? आणि मग आठवलं. त्याला कळत होतं. त्याने सांगितलंही होतं. त्याला गप्प करा, असं मीच म्हणाले होते.

ऑफिसात थांबलेल्या पितळेला मी फोन लावला. ‘‘अकरा नंबर चालू करा. आत्ता.’’

‘‘मॅडम, उद्या तिसावा दिवस आहे. एकदा सही झाली की मग...’’

‘‘आत्ता, पितळे.’’

दोन मिनिटं गेली. खाली नदीचं पाणी संथ होतं. पलीकडून बायकांनी भरलेला एक ऑटो आमच्या डोक्यावरून गेला आणि पायवाट हलली.

‘‘आता द्या,’’ मी म्हणाले.

लहानूने ठोका दिला. मोबाईल माझ्या हातात असा थरथरला की सुटून पडला असता. पिवळा नव्हे. लाल.

गर्डरच्या खालच्या पट्टीवर मागच्या वर्षी मारलेला रंग होता. लहानूने हातोडीच्या टोकाने तो खरवडला. रंगाखालून गंजाची एक बारीक तांबूस रेघ निघाली. तो खरवडत गेला तशी ती पुढे पुढे निघत गेली, वीतभर, मग दोन विती. पट्टीच्या रुंदीत थोडीच जागा धड उरली होती. परवा त्यावरून साठ माणसं भरलेली बस जाणार होती आणि पुढे माझी सही असणार होती. मी कठड्याला धरून खाली बसले.

‘‘पूल पूर्ण बंद करावा लागेल,’’ मी म्हणाले. ‘‘बसच नाही, सगळंच. तुमच्या रोशनचा ऑटोसुद्धा.’’

‘‘ठाऊक हाये जी. पयल्या दिवसापासूनच ठाऊक होतं.’’

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तो पायवाटेवर माझ्यासमोर उकिडवा बसला. ‘‘मॅडम, एक इचारू? मी तं बोलून बसलो, मंग माही बदली झाली. पन हा काहून गप होता इतले दिवस?’’ त्याने अकराव्या डब्याकडे बोट केलं.

पितळेचं नाव घेणं सोपं होतं. बिघाड होता म्हणणं त्याहून सोपं होतं.

‘‘मीच त्याला गप्प केलं होतं, लहानूभाऊ. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी. तोही तेच सांगत होता. एकटाच सांगत होता म्हणून.’’

लहानूने खांद्यावरचा दुपट्टा काढून डब्यावरची धूळ पुसली, आधी वरून, मग चारही बाजूंनी.

‘‘अन् मले वाटे,’’ तो म्हणाला, ‘‘मी एकलाच हावो.’’

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी माझा अहवाल मागे घेतला, तीन पानी पत्र लिहिलं, लहानूला त्याची हद्द परत मिळाली. पण त्या क्षणी मला त्याची माफी मागणं जमलं नाही. मी नुसती उठले आणि त्याच्या मागोमाग वर रस्त्यावर आले.

पलीकडचं तोंड अडवायला मी तिकडच्या सरपंचाला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघांनी कडेचे दगड उचलून पुलाच्या तोंडाशी आडवे मांडायला सुरुवात केली. चार-पाच दगड झाले असतील, तेवढ्यात फाट्याकडून एक ऑटो आला. भरलेला होता. आत टोपलीवाल्या बायका, मागे एक सायकल बांधलेली. चालवत होता रोशन.

‘‘काय झालं काकाजी?’’ तो ब्रेक लावत म्हणाला. ‘‘सरका ना, पाशिंजर हाये.’’

लहानू हातातला दगड घेऊन त्याच्या चाकापुढे गेला, दगड खाली ठेवला आणि त्याच्यापलीकडे हात आडवे करून उभा राहिला.

‘‘वापस घे,’’ तो म्हणाला. ‘‘पूल बिमार हाये.’’